औरस, दत्तक आणि कुळाची वंशावळ

घराण्याची वंशावळ जुळवायला बसलेल्या माणसापुढे लवकरच एक अवघड नाव येते. चौथ्या-पाचव्या पिढीतला कोणी पुरुष निपुत्रिक वारलेला असतो, आणि तरीही त्याच्याखाली वंश पुढे चाललेला असतो. जुने कागद चाळले की उलगडा होतो: मुलगा दत्तक होता. कधी भावाचा, कधी लांबच्या भाऊबंदाचा, कधी अगदी दुसऱ्या आडनावाच्या घरातला. मग घरात दोन मते पडतात. एक मत असे की दत्तविधान झाले, नाव बदलले, त्याने बापाचे श्राद्ध केले, तेव्हा तो आमचाच. दुसरे मत हल्ली अधिक जोराने मांडले जाते, कारण डीएनए चाचणीची डबी आता घरपोच मिळते: खरा वंश रक्ताचा, बाकी सगळी कागदी नाती. परदेशातली तरुण मंडळी चाचणीचे अहवाल घेऊन येतात आणि आजोबांनी लिहून ठेवलेल्या वंशवृक्षाशी ते ताडून पाहतात. माझे म्हणणे सुरुवातीलाच मांडलेले बरे. वंशावळ ही कोण कोणाच्या शरीरातून जन्मले याची नोंद आपल्याकडे कधीच नव्हती. कोणी कोणाला उघडपणे आपले म्हटले आणि ते निभावले, याची ती नोंद आहे. जन्माची माहिती मोलाची आहे, ती लपवणे चूक आहे. पण कुळात कोण येते हे ठरवण्याचा अधिकार तिला देऊ नये.

आधी रक्ताच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हिशेब त्यांच्याच मापाने करू. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापासून मराठीत छापले गेलेले कुलवृत्तांत पाहिले तर त्यांचा साचा साधारण सारखा दिसतो. एक मूळपुरुष, त्याचे मूळगाव, गोत्र, कुलदैवत, मग घराण्याच्या शाखा, आणि प्रत्येक शाखेत बापाकडून मुलाकडे उतरत जाणारी नावे. दहा पिढ्यांपूर्वीचा मूळपुरुष सापडला की घराण्याला धन्य वाटते, आणि ते वाटणे मी कमी लेखत नाही. पण दहा पिढ्या मागे गेल्यावर प्रत्येक माणसाला १,०२४ पूर्वज असतात, आणि मूळपुरुष हा त्यांपैकी एक असतो. उरलेल्या १,०२३ जणांची आडनावे वेगळी, गावे वेगळी, पुष्कळांची कुलदैवते वेगळी. आपल्याकडे लग्ने जातीतच होत आणि मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत पुष्कळ समाजांत होती, त्यामुळे तेच पूर्वज वंशवृक्षात एकाहून अधिक जागी येतात आणि प्रत्यक्ष आकडा घटतो. तरी तो शेकड्यांत राहतोच. शिवाय पूर्वज असणे आणि त्याचा डीएनए आपल्या शरीरात असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आई-बापांकडून मिळणारा वारसा अखंड लांब तुकड्यांनी येतो, दर पिढीला त्यांतले काही तुकडे गळतात. अनुवंशशास्त्राच्या हिशेबाने दहा पिढ्यांपूर्वीच्या पूर्वजांपैकी साधारण निम्म्यांचा एकही तुकडा आपल्यापर्यंत पोचत नाही. पंधरा पिढ्या मागे, म्हणजे साधारण शिवकालाच्या सुमारास, गणिती पूर्वज ३२,७६८ होतात आणि त्यांतल्या ज्यांचा अंश आपल्यात उतरतो असे लोक हजारभरही भरत नाहीत. बापाकडून मुलाकडे जवळजवळ न बदलता जाणारे वाय गुणसूत्र तेवढे टिकते, पण ते माणसाच्या एकूण जनुकीय ऐवजाचा जेमतेम एक-दोन टक्के भाग आहे, आणि ते मुलींना मिळतच नाही. ज्या मूळपुरुषाच्या नावाने घराणे एकत्र जमते, त्याचा त्या एका गुणसूत्रापलीकडे काहीही अंश त्याच्या आजच्या वंशजात नसण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास असते. वंशज मुलगी असेल तर ते गुणसूत्रही नाही. तरीही ती त्या घराण्याची आहे असे आपण म्हणतो, आणि बरोबर म्हणतो.

रक्ताचे माप खरोखर लावायचे म्हटले तर कुलवृत्तांताची रचनाच मोडून टाकावी लागेल. लेकीची मुले आणि लेकाची मुले रक्ताने सारख्याच जवळची. पण जुन्या वृत्तांतांत लेकीची नोंद तिच्या नावावर, नवऱ्याच्या नावावर आणि सासरच्या गावावर संपते. तिची मुले दुसऱ्या कोणाच्या वंशवृक्षात गेलेली असतात. उलट सून रक्ताने परकी असूनही लग्नाच्या दिवसापासून कुळात गणली जाते, तिचे गोत्र बदलते, पुष्कळ घरांत नावही बदलते, आणि पुढची सगळी पिढी तिच्या पोटी जन्मते. म्हणजे जे रक्ताचे आहे ते आपण निम्मे सोडले आणि जे रक्ताचे नाही ते आत घेतले. लेकींच्या संततीला वगळणे हा अन्याय होता असे मला वाटते आणि नव्या वृत्तांतांनी तो दूर केला पाहिजे. पण दत्तक पुत्राच्या नावावर बोट ठेवून रक्ताची भाषा बोलणाऱ्याने आधी सांगावे, की त्याच्या स्वतःच्या वंशवृक्षात आत्याची नातवंडे कुठे आहेत.

रक्ताची रेषा कागदावर दिसते तितकी अखंडही नसते, हे युरोपातल्या एका गाजलेल्या प्रकरणात सिद्ध झाले. इंग्लंडचा राजा तिसरा रिचर्ड १४८५ साली बॉसवर्थच्या लढाईत पडला. त्याचा सांगाडा २०१२ साली लेस्टर शहरातल्या एका वाहनतळाखाली सापडला, आणि २०१४ साली त्याच्या डीएनएचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याच्या बहिणीच्या स्त्रीवंशातून आलेल्या आजच्या दोन व्यक्तींशी मातृवंशाचा डीएनए जुळला. पुरुषवंशाने त्याच घराण्यात जन्मलेले म्हणून ज्यांची वंशावळ सरदारी दप्तरांत नोंदलेली आहे अशा पाच पुरुषांचे वाय गुणसूत्र मात्र त्याच्याशी जुळले नाही, आणि त्या पाचांतल्या एकाचे बाकीच्या चौघांशीही जुळले नाही. युरोपातल्या सर्वांत काटेकोर जपलेल्या वंशावळींपैकी एक, आणि तिच्यात कुठेतरी किमान दोनदा खंड पडलेला. बेल्जियममधल्या फ्लँडर्स भागात जुनी वंशावळ आणि वाय गुणसूत्र ताडून पाहिल्यावर असा खंड पिढीमागे साधारण एक ते दोन टक्के घरांत आढळला. हा आकडा लहान आहे. लोकांच्या तोंडी असलेल्या दहा टक्क्यांच्या अफवेला त्याने चांगलेच खोटे पाडले. पण एक टक्का धरला तरी वीस पिढ्यांत शंभरातल्या अठरा वंशावळींत कुठेतरी धागा तुटतो. हे आकडे तिकडचे आहेत, ते उचलून मराठी घरांवर चिकटवू नयेत आणि कोणाच्या पणजीबद्दल संशय तर मुळीच घेऊ नये. मुद्दा एवढाच, की वीस पिढ्यांच्या वंशावळीने रक्ताची हमी द्यावी अशी अपेक्षा जगातल्या कुठल्याही दप्तराकडून पुरी होणार नाही. जे काम ती करूच शकत नाही, त्यावर तिचा खरेपणा जोखणे गैर आहे.

यावर जाणकार आक्षेप घेतील, की आपल्या धर्मशास्त्राने तरी शरीरसंबंधालाच प्रमाण मानले आहे. आक्षेप वजनदार आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मिताक्षरेत सपिंड नात्याचा पाया एकाच शरीराचे अवयव वाटून घेणे हा मानला. बंगालातल्या जीमूतवाहनाने दायभागात तो श्राद्धात कोण कोणाला पिंड देतो यावर उभा केला. महाराष्ट्र मिताक्षरेचा प्रदेश. म्हणजे आपण रक्तवाल्यांच्या बाजूचे ठरतो की काय? पण त्याच परंपरेने या तत्त्वाचा व्यवहार कसा केला ते पाहावे. मनुस्मृतीत पुत्रांचे बारा प्रकार सांगितले आहेत, औरस हा त्यांतला एक. लग्नाआधी झालेला, दुसऱ्याने दिलेला, टाकून दिलेला आणि उचललेला, स्वतःहून पुत्र व्हायला आलेला, अशा सगळ्यांना शास्त्राने पुत्र म्हटले, भले प्रत्येकाचा हक्क कमीजास्त ठेवला. दत्तकाबद्दल तर स्पष्ट सांगितले, की त्याने जन्मदात्या पित्याचे गोत्रही घेऊ नये आणि धनही घेऊ नये. मुळात गोत्र ही रक्ताची खूण असती तर मिताक्षरेने क्षत्रिय-वैश्यांना पुरोहिताच्या गोत्रप्रवराने चालायला सांगितले नसते. पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्यातल्या नीलकंठभट्टांचा सतराव्या शतकातला व्यवहारमयूख पुढे मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी प्रमाण धरला. पश्चिम भारताच्या या परंपरेत विधवेला नवऱ्याची आधी परवानगी नसतानाही दत्तक घेता येई, आणि लग्न झालेला, मुलाबाळांचा बाप असलेला पुरुषही दत्तक जाऊ शके. पंचविशी-तिशीतला माणूस एका दिवसात एका कुळातून दुसऱ्या कुळात जातो, ही कल्पना रक्तावर आधारलेल्या समाजाला सुचणार नाही.

१९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याने हीच रीत पुढे नेली आणि रुंदावली. मुलगीही दत्तक घेता येऊ लागली, स्त्रीला स्वतःच्या हक्काने दत्तक घेता येऊ लागले, जातीची अट राहिली नाही. दत्तक झाल्या दिवसापासून मूल सर्व बाबतींत दत्तक घेणाऱ्यांचे मानले जाते आणि जन्मघराशी असलेली नाती तुटतात. एक गोष्ट मात्र कायद्याने राखून ठेवली: जन्मघरात राहिले असते तर ज्यांच्याशी लग्न होऊ शकले नसते, त्यांच्याशी दत्तक गेल्यावरही होऊ शकत नाही. या एका कलमात मला सगळ्या वादाचा समंजस निकाल दिसतो. रक्त जिथे शरीरापुरते बोलते, म्हणजे लग्नसंबंधात, तिथे कायद्याने त्याचे ऐकले. नाव, कुळ, वारसा, जबाबदारी यांत त्याला बोलू दिले नाही.

आणि ज्या ग्रंथाला आपण वंशाची महाकथा म्हणतो, त्या महाभारतात कुरुवंश रक्ताने कुठे चालतो? विचित्रवीर्य निपुत्रिक मेला. धृतराष्ट्र आणि पांडू व्यासांपासून झाले, आणि व्यास हे सत्यवतीला पराशरापासून झालेले, शंतनूशी त्यांचे रक्ताचे काही नाते नाही. पांडवांचा पांडूशीही जन्मसंबंध नाही. शंतनूच्या रक्ताचा थेंब ज्यांच्यात नाही असे दोन पक्ष शंतनूच्या सिंहासनासाठी लढतात, आणि भर सभेत कोणी म्हणत नाही की तुम्ही कुरूच नव्हे. उद्योगपर्वात कृष्ण कर्णाला सांगतो, की शास्त्राप्रमाणे तू पांडूचाच पुत्र ठरतोस, थोरला आहेस, राज्य तुझे. कर्णाचे उत्तर त्याला जन्म माहीत नसल्याचे नाही. त्याला तो माहीत आहे. तो सांगतो की अधिरथाने माझे जातकर्म केले, राधेने वाढवले, माझ्या बायका सूतकुळातल्या, माझी मुले-नातवंडे तिथली. राज्य पदरात पडत असतानाही तो आपले कुळ बदलत नाही. अधिरथ त्याचा बाप का, याचे यापेक्षा भक्कम उत्तर मला अन्यत्र सापडलेले नाही.

मराठ्यांच्या इतिहासात तर दत्तकाशिवाय एकही मोठी गादी फार काळ चाललेली दिसत नाही. कागलच्या घाटग्यांच्या घरात १८७४ साली जन्मलेले यशवंतराव १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक आले आणि राजर्षी शाहू झाले. मालेगावजवळच्या कवळाणे गावातल्या गोपाळरावांना १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले आणि ते बडोद्याचे सयाजीराव झाले. महादजी शिंद्यांच्या मागून ग्वाल्हेरची गादी पुन्हा पुन्हा दत्तकाने चालली. या राजांना त्यांच्या प्रजेने अस्सल-नकली असे तोलले नाही. तोलले ते लॉर्ड डलहौसीने. १८४८ साली साताऱ्याचे आप्पासाहेब महाराज मरणापूर्वी काही तास दत्तक घेऊन गेले. कंपनीने दत्तक राज्याला लागू नाही म्हणून सातारा खालसा केले. १८५३ साली झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी दत्तक घेतलेल्या आनंदरावाचे, म्हणजे दामोदररावाचे, तेच झाले. बिठूरला नानासाहेबांना दुसऱ्या बाजीरावांचे वर्षाचे आठ लाखांचे पेन्शन नाकारले गेले. डलहौसीचा युक्तिवाद बारकाईने वाचावा: खासगी मालमत्तेला आणि श्राद्धकर्माला दत्तक चालेल, राज्याला चालणार नाही. म्हणजे दत्तक हा पुत्र आहे हे त्यालाही नाकारता आले नाही; त्याला हवे तिथे तो पुत्र नको होता. १८५७ चा भडका उडाल्यावर १८६२ साली लॉर्ड कॅनिंगने संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या आणि तो युक्तिवाद सरकारनेच मागे घेतला. रक्ताची कसोटी आपल्या इतिहासात सर्वांत कठोरपणे लावली गेली ती कोणाच्या फायद्यासाठी, हे विसरता येत नाही.

इथे सर्वांत अवघड आक्षेप पुढे येतो. रक्त सोडून द्यायचे तर मग तोतया आणि वारस यांत फरक काय राहिला? प्रश्न पुस्तकी नाही. थोरल्या शाहूंना पुत्र नव्हता तेव्हा ताराबाईंनी रामराजा हा आपला नातू, लहानपणापासून लपवून वाढवलेला, असे सांगितले आणि १७५० च्या सुमारास तो साताऱ्याच्या गादीवर आला. तो ऐकेना म्हणून त्याच ताराबाईंनी त्याला कैदेत टाकले, तो आपला नातूच नव्हे असे जाहीर केले आणि पुढे जेजुरीला खंडोबासमोर तशी शपथही घेतली. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने एक माणूस उभा राहिला, त्याला अनुयायी मिळाले, किल्ले मिळाले, आणि १७७६ साली पुण्यात त्याला देहान्त शासन झाले. दोन्ही प्रकरणांत ओळख हाच वाद होता, पण त्यांचे शेवट निराळे झाले. तोतयाचा अपराध त्याच्या शिरांत पेशव्यांच्या घराण्याचे रक्त नव्हते हा नव्हे. तो दुसऱ्या माणसाचे नाव, दुसऱ्याची बायको, दुसऱ्याची दौलत खोटे सांगून मागत होता. दत्तक घेणारा भाऊबंद बोलावतो, होम करतो, कागद करतो, सांगतो की हा अमक्याचा मुलगा आजपासून माझा. या दोहोंतला फरक उघडपणाचा आहे. आणि रामराजा? त्याचा जन्म आजही वादाचा आहे. पण त्याला पेशव्यांनी आणि सरदारांनी छत्रपती मानले, त्याच्या नावाने सनदा निघाल्या, त्याने १७७७ साली घेतलेल्या दत्तकाच्या पोटी प्रतापसिंह महाराज जन्मले. साताऱ्याच्या छत्रपतींची यादी त्याला वगळून लिहिता येत नाही. प्रामाणिक इतिहासकार त्याचे नाव ठेवतो आणि ताराबाईंच्या शपथेचीही नोंद करतो. वंशावळकाराने नेमके हेच करायचे आहे.

राजघराण्यांत दौलत होती म्हणून दत्तक चालले, सामान्य घरांत तसे नसते, असेही कोणी म्हणेल. म्हणून मी सर्वांत महत्त्वाचे उदाहरण शेवटी ठेवले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, कारण फसवल्या गेलेल्या विधवांपुढे आत्महत्या नाहीतर बालहत्या हेच दोन मार्ग उरत. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या मुलाला या माळी दांपत्याने आपला मुलगा केले आणि त्याचे नाव यशवंत ठेवले. त्या काळच्या दत्तकाच्या जवळजवळ प्रत्येक अटीत हे मूल बसत नव्हते: जात वेगळी, बाप उघड नाही, आई विधवा. जोतीरावांनी १८८७ साली मृत्युपत्र करून यशवंतलाच वारस केले. २८ नोव्हेंबर १८९० ला जोतीराव गेले तेव्हा टिटवे कोणी धरायचे यावरून भाऊबंदांनी हरकत घेतली, यशवंत दत्तक म्हणून त्याला तो मान नाही असे त्यांचे म्हणणे. सावित्रीबाई स्वतः टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेपुढे चालल्या. टिटवे धरणारा तो वारस ही समजूत होती, आणि भाऊबंदांचा डोळा वारशावर होता. रक्ताची भाषा त्या दिवशी मालमत्तेच्या भाषेला लगटून आली होती, जशी ती डलहौसीच्या खलित्यात आली होती. यशवंत डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्याबाहेर त्याने चालवलेल्या दवाखान्यात सावित्रीबाई रोग्यांची शुश्रूषा करत होत्या, तिथेच त्यांना लागण झाली आणि १० मार्चला त्या गेल्या. फुल्यांच्या वंशावळीत यशवंतच्या नावाखालची रेषा तुटक काढावी असे ज्याला वाटत असेल, त्याला ती रेषा कशाने जोडली जाते हे समजलेले नाही, असे मी स्पष्टपणे म्हणतो. रक्ताच्या शुद्धतेचा आग्रह आपल्या समाजात जातीच्या शुद्धतेच्या आग्रहापासून कधी फार लांब नव्हता. वंशावळीतून तो काढून टाकणे हे माझ्या लेखी इतिहासाच्या अचूकतेइतकेच माणुसकीचे काम आहे.

आता विज्ञानाच्या बाजूने येणारे आक्षेप. पहिला आजारांचा. सिकलसेल, थॅलसेमिया, काही प्रकारचे कर्करोग हे रक्तातून उतरतात, डॉक्टर घरातल्यांचा इतिहास विचारतो, तेव्हा खरी माहिती हवीच. हवीच, पण ती कुलवृत्तांतातून मिळत नाही. आजार आईकडूनही तितकाच येतो आणि आपली वंशावळ आईच्या माहेरचे एकच नाव सांगते. आरोग्याच्या नोंदी आई-बाप, आजी-आजोबा, मावशा, आत्या, मामा, काका अशा तीन पिढ्यांच्या वेगळ्या ठेवाव्यात. दुसरा आक्षेप अधिक खोल आहे: दत्तक गेलेल्या मुलाला आपण कोणाच्या पोटी जन्मलो हे कळण्याचा हक्क आहे की नाही? आहे, आणि तो कुटुंबाच्या सोयीपेक्षा मोठा आहे. दत्तकाच्या सरकारी नियमांत मुळाचा शोध घेण्याची तरतूद आहे, जन्मदात्यांची गोपनीयता सांभाळून. ऑस्ट्रेलियाकडून खेळलेली अष्टपैलू क्रिकेटपटू लिसा स्थळेकर १९७९ साली पुण्यात जन्मली, तिथल्या श्रीवत्स संस्थेतून दत्तक गेली, आणि तिने हे स्वतः जगाला सांगितले आहे. तिचे आडनाव मराठी आहे ते दत्तक पित्यामुळे. तिची जन्मभूमी जाणून घेण्याने ते आडनाव तिचे कमी होत नाही.

न्यायालयेही या दोन टोकांच्या मध्ये वाट काढत आहेत. १८७२ च्या पुरावा कायद्याने लग्नात जन्मलेले मूल नवऱ्याचेच मानावे असे ठरवले होते, पती-पत्नींचा संबंधच आला नव्हता असे सिद्ध झाले तरच अपवाद. २०१४ साली महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनएचा अहवाल या गृहीतकाहून वरचा मानला. २०२३ साली मात्र त्याच न्यायालयाने पुण्याकडच्या एका प्रकरणात बजावले, की आई-बापांच्या भांडणात मुलाचा डीएनए तपासण्याचा हुकूम सहज देता कामा नये, कारण त्याची किंमत मूल मोजते. त्याआधी २०२१ साली साहाय्यित प्रजननाच्या कायद्याने दात्याच्या बीजापासून जन्मलेल्या मुलाला इच्छुक जोडप्याचे जैविक अपत्यच समजावे असे म्हटले. संसदेने एका वाक्यात जीवशास्त्राचा शब्द घेतला आणि त्यात नात्याचा अर्थ भरला. येत्या वीस-तीस वर्षांत कुलवृत्तांतांच्या नव्या आवृत्त्यांत अशी शेकडो मुले येतील, आणि रक्ताची अट लावून बसलेल्या संपादकाला त्यांच्या आई-बापांना घरी जाऊन काय विचारायचे, हे ठरवावे लागेल. ते विचारण्याचा त्याला कसलाही अधिकार नाही.

तेव्हा नोंद कशी करावी? वंशवृक्षातली रेषा औरस आणि दत्तक दोघांसाठी एकच, अखंड काढावी. दत्तक आलेल्याच्या चरित्रनोंदीत, मुख्य नावाच्या जोडीने, जन्मघराचे आडनाव, जनक पिता आणि जन्मदाती आई यांची नावे द्यावीत. आईचे नाव जुन्या वृत्तांतांत हटकून गळालेले असते. दत्तक गेलेल्याची नोंद जन्मघराच्या वृत्तांतातही ठेवावी आणि तो कुठे गेला ते लिहावे, म्हणजे दोन्ही पुस्तके एकमेकांना जोडली जातील. कागदांत विरोध असेल तर दोन्ही बाजू छापाव्यात. लेकींची संतती निदान दोन पिढ्या द्यावी. हयात माणसाचे जन्मरहस्य मात्र त्याच्या स्वतःच्या लेखी संमतीवाचून छापू नये, मग ती माहिती घरातल्या चार जणांना ठाऊक असो नाहीतर चाचणीच्या अहवालात असो. मुलाला अजून सांगितलेले नसेल, तर ते त्याला पुस्तकातून कळता कामा नये. आणि जिथे जन्मदात्यांची नावे कोणालाच ठाऊक नाहीत, तिथे ती जागा कोरी सोडावी, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह घालू नये. ज्यांनी वाढवले त्यांची नावे वर असतातच.